बिनटेंशनचा माणूस

मिल बंद होऊन तीन वर्षं झाली तेव्हा आमच्या परदेशीपुऱ्याच्या वस्तीत संजीव नावाचा एक संशोधक आला, मिलच्या कामगारांचं टेंशन मोजायला. सुई नाही, रक्त नाही. डोक्याच्या मागून, मुळाशी कापलेले तीन सेंटिमीटर केस, बस. त्यात म्हणे मागच्या तीन महिन्यांच्या काळजीचं हार्मोन साठलेलं असतं. माझे बाबा, किसन, फार खूश झाले. टेंशन हे एकच काम त्यांना उरलं होतं आणि ओट्यावर बसून ते मन लावून करत.

आई पहाटे उठून गिऱ्हाइकांचे डबे बनवायची, घरोघरी पोचवायची, मग दिवसभर रेडीमेडवाल्यांच्या कॉलरी शिवायची. डोकं दुखतंय म्हणाली की बाबा म्हणत, "तुला कशाचं टेंशन? मिल तर माझी गेली." माझं डोकं फिरायचं.

तुलनेसाठी संजीवजींना निवांत माणसांचे केसही हवे होते. प्रत्येक कामगाराने बिनटेंशनचा एक माणूस आणावा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाळीस कामगार आले आणि चाळीसही जणांनी आपापली बायको आणली.

फॉर्म भरायला मी बसले होते. आईच्या फॉर्मवर टेंशनच्या रकान्यात बाबांनी सांगितलं तेच मी लिहिलं: नाही. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वेणी सोडली. त्या शब्दाची मला अजून लाज वाटते.

चार महिन्यांनी संजीवजी रिपोर्ट घेऊन घरी आले. मिल बंद झाल्यावर कामगार इतर माणसांपेक्षा निवांत आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

बाबांचा चेहरा पडला. "संजीव भिया, मग आमचं टेंशन गेलं कुठं?"

संजीवजींनी दुसरा कागद पुढे केला. बिनटेंशनवाल्यांचे आकडे कामगारांच्या दुप्पट होते. बायका तेल लावतात, त्याचाच परिणाम असणार, असं बाबा म्हणाले. केस धुऊनच तपासले होते, संजीवजींनी सांगितलं.

आईने शिवण थांबवली नाही. "संजीवजी, माझ्या टेंशनचा नंबर जरा लिहून द्या. घरात दाखवायला लागतो."

संजीवजींनी सांगितलेला आकडा मीच लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि बाबांच्या मिलच्या ओळखपत्राशेजारी भिंतीवर चिकटवला. बाबांनी तो दोनदा वाचला. मग उठून त्यांनी डब्यांची पिशवी उचलली.

दारात थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे डबे कुठं द्यायचे असतात?"