कॉलरची घडी

"हा शर्ट त्यानंच शिवलाय कशावरून?" शिंपीणबाईंनी शर्ट उलटा करून आतली शिवण चाचपली.

तुरुंगाचे साहेब हसले. "बाई, आम्ही कशाला खोटं सांगू?"

"पोपट तुमचा, पढवलातही तुम्हीच. माझ्यासमोर शिवू दे."

बरोबर आलेला दीर कुजबुजला, "वहिनी, नाही म्हणा आणि चला. साप कात टाकतो, विष नाही."

शेजारच्या गल्लीतलाच पोरगा. दुकानाच्या गल्ल्यात हात घातला, बाईंचा नवरा आडवा आला आणि पोरानं जवळची लोखंडी इस्त्री त्याच्या डोक्यात घातली. नवरा जागीच गेला. इस्त्री पुरावा म्हणून कोर्टात गेली. बाईंनी दुसरी घेतलीच नाही. कॉलरची घडी त्या अंगठ्याच्या नखानं बसवत. गिऱ्हाइकं थट्टा करत, "काकूंच्या नखाला वीज लागत नाही हं!" मशीनही त्यांनी खिडकीपासून हलवून दाराकडे तोंड करून मांडलं होतं. स्वतःची सावली शिवणीवर पडे, पण दार दिसे.

आता त्याला शिक्षा संपण्याआधी सोडायचं घाटत होतं आणि त्यासाठी बाईंचंही म्हणणं घ्यायचं होतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आज विचारतायत म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ताडलं होतं.

तो आला. केस पिकलेले.

"मावशी..."

"मावशी म्हणू नकोस. कॉलर शिव."

त्यानं शिवली. उलटवली, सुईनं टोकं काढली. मग अंगठ्याचं नख दाबून घडी बसवू लागला.

बाई ताडकन उठल्या. "समोर इस्त्री तापलीय ना? हे नखाचं कुणी सांगितलं तुला?"

तो गोंधळला. "कुणी नाही. मी तिला हात लावत नाही."

"खरंय, बाई," साहेब म्हणाले. "त्याची इस्त्री दुसरा कैदी करतो. आम्हाला आधी कामचुकारपणाच वाटला."

बाईंनी त्याचा अंगठा निरखला. नख झिजून चपटं झालेलं, मधोमध खाच. अगदी त्यांच्यासारखं. असं नख सोंगासाठी एका रात्रीत झिजत नाही. दया नाही आली, अंगाची लाही लाही झाली. नवरा नेला तो नेला, आता दुःखातही वाटेकरी झाला मेला!

"काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"हात सुधारलाय. मनाचं मला दिसत नाही. सोडायचा तर सोडा, पण माझ्या गल्लीत पाऊल नको. आणि सोडण्याआधी मला कळवा. गिऱ्हाइकांच्या तोंडून कळायला नको."

साहेबांनी तसंच लिहिलं.

वाटेत दीर म्हणाला, "दादाला काय वाटलं असतं, वहिनी?"

"भाऊजी, तुमचा दादा कुणावरही विश्वास टाकायचा. मी टाकलाय का?"

दुकानात येऊन बाईंनी अर्धवट राहिलेली कॉलर घेतली. घडीवर अंगठा टेकवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. मग कात्री घेतली आणि तिच्या मुठीनं घडी घासू लागल्या. नीट बसेना. त्या घासतच राहिल्या, नजर दारावर ठेवून.