पुतळ्याची धडधड

शिंप्याच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापड कापायच्या फळीवर शिंपी आडवा, छातीला तारेचं बटण चिकटवलेलं, आणि टेबलावरच्या खोक्यातून अख्ख्या गल्लीला त्याचं काळीज ऐकू येत होतं. धडधड, धडधड!

टेबलामागे बसलेले चमत्कारवाले बाबा डोळे मिटून गरजले, "छातीत घोडा शिरलाय! थांब रे घोड्या!"

खोक्यातली धडधड मंदावली. भराभर हात जोडले गेले.

शिंप्याची आई म्हणजे गल्लीच्या थोरल्या काकू. त्यांचे हात मात्र लेकाच्या मनगटावर होते. खोका शांत झाला, तरी नाडी बोटांखाली तशीच उधळलेली. कित्येक महिने हेच चाललं होतं. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढल्या की धाप.

"आता डॉक्टरच्या गोळ्या बंद," बाबांनी फर्मावलं. "गोळीनं घोडा बिथरतो."

"ऐकलंस ना, आई?" लेकानं गोळ्यांचं पाकीट चिंध्यांच्या टोपलीत भिरकावलं.

काकूंनी ते उचललं. "महाराज, पुन्हा एकदा थांबवा की घोडा. मागच्यांना नीट दिसलं नाही."

"माई, श्रद्धा मोठी हो तुमची!"

"तर काय! घरात मावत नाही."

बाबांनी डोळे मिटले. काकूंनी लेकाच्या छातीवरचं बटण उपटलं आणि कोपऱ्यातल्या बिनडोक्याच्या लाकडी पुतळ्याला, अर्धवट शिवलेल्या कोटाच्या आत चिकटवलं.

खोका बोलला, धडधड, धडधड!

"थांब रे घोड्या!"

धडधड मंदावली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"पुतळा बरा झाला हो!" काकू म्हणाल्या. "आता याला डोकं कधी फुटणार, महाराज?"

बाबांनी डोळे उघडले तोवर काकूंनी टेबलावरून खाली लोंबणारी चादर ओढली होती. खाली बाबांचा अंगठा एका कळीवर. एकदा दाबली की भरून ठेवलेला आवाज धावायचा, पुन्हा दाबली की दमायचा.

"तुमच्या अविश्वासानं शक्ती गेली!"

"शक्ती कुठली? वायर गेली," म्हणत काकूंनी ती उपटली आणि लेकाला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सतत पळून हृदयाचा स्नायू दमलाय. आधी ठोके ताब्यात आणायचे. गोळ्यांनी भागलं नाही, तर नसेतून तार नेऊन बिघडलेली जागा जाळता येते. ठोके ताळ्यावर आले की बहुतेकांचं हृदय हळूहळू पुन्हा ताकद धरतं. पण मधेच गोळ्या सोडणं म्हणजे जिवाशी खेळ."

"म्हणजे घोडा होताच की, आई," लेक पुटपुटला.

"होता ना. त्याला गोळी लागते, आरोळी नाही."

काही महिन्यांनी शिंपी कापडाचे तागे स्वतः माडीवर नेऊ लागला. बाबा तोवर दुसऱ्या वस्तीत कुणाच्या मूत्रपिंडाचं गाणं ऐकवत होते म्हणे!

सांगणं एवढंच. चमत्कारवाल्याला म्हणावं, तपासू द्या. तो चिडला, तर उठावं आणि दवाखाना गाठावा. तिथं प्रश्न विचारले तर कुणाची शक्ती जात नाही.