घासलेली चकती

अल्जीरियातल्या आमच्या कॉन्स्टँटिन शहरात बायका बिघडलेले संगणक पुलाजवळच्या दुकानांत नेत नाहीत, माझ्याकडे आणतात. त्यांत मेंदीच्या समारंभाचे, मोकळ्या केसांचे फोटो असतात, आणि दुकानांत पुरुष. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळ्या मला उस्तादा म्हणतात.

मंगळवारी सकाळी जाझिया आली. सोबत तिची आई लल्ला वरदा आणि संगणक उचलून आणलेला भाऊ, बादीस. जाझियाला गुरुवारी प्रबंध द्यायचा होता. बिस्क्राच्या खजूरबागांतल्या विहिरींचं पाणी किती खारट, याची तीन वर्षांची मोजमापं. विद्यापीठात फक्त पहिल्या हिवाळ्याची प्रत होती, बाकी सगळं याच संगणकात. प्रबंध दिला की प्रयोगशाळेत नोकरी ठरलेली. तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, हे तिनं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

शनिवारपासून संगणकाला डिस्क दिसत नव्हती. त्यांच्या संगणकातल्या डिस्कच्या तारेला मी आधी माझी चांगली डिस्क जोडली. तीही दिसेना. नवी तार लावली, लगेच दिसली.

"तार गेलीय," मी म्हणाले. "तुझी डिस्क ठीक असणार."

जाझियानं आईचा हात धरला. आईनं तो सोडवून घेतला.

मग तिची डिस्क नव्या तारेवर लावली. आतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. मी वीज तोडली. झाकणाचे स्क्रू चेपलेले होते. ते काढून मी आत पाहिलं. आतली चकती आरशासारखी लखलखीत हवी. तिच्यावर गोल गोल ओरखडे होते आणि कडेला तारेच्या घासणीचा तुकडा.

मी बादीसकडे पाहिलं. त्यानं आईकडे.

लल्ला वरदानं काही लपवलं नाही. काल दुपारी ती डिस्क पुलाजवळच्या दुकानात न्यायचं ठरत होतं. माझा पत्ता जाझियाला संध्याकाळी मिळाला. चित्रं आरशावर असतात आणि लिखाण खालच्या हिरव्या पाटीत, असं बादीसला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून फोटो घासून काढायला लल्ला वरदानं त्याच्या हातात कुसकुसच्या पातेल्याची घासणी दिली.

"हिचे केस त्या दुकानदारानं बघायचे का?" ती म्हणाली. "पाटीला हातही लावला नाही त्यानं. काढून दे लिखाण."

पाटीत काही नसतं, सगळं चकतीवरच असतं, आणि आता काहीच निघणार नाही, हे मी दोनदा सांगितलं.

"फोटो फोनमध्ये आहेत, यम्मा," जाझिया म्हणाली. "संगणकात नव्हतेच कधी."

"मग विचारलं असतंस तर सांगितलं असतंस ना," बादीस पुटपुटला. कुणी कुणाला विचारायचं होतं, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नाही.

लल्ला वरदानं हातातली पिशवी सावरली आणि उठली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ओझं उतरल्यासारखी दिसत होती.

"आता प्रबंध नाही, म्हणजे नोकरीही नाही," ती म्हणाली. "सेतीफहून मागणी आलीय, त्या माणसांना शुक्रवारी बोलावते. उस्तादा, तुम्हीही या. मुलीकडच्या बायकांत शिकलेलं कुणी असलं की बरं दिसतं."

जाझिया उघड्या डिस्कसमोर बसून राहिली. आईनं दारातून हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती उठली.