रिकामी खोकी

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दृक्‌साहित्याचा कक्ष सांभाळणाऱ्या बाईंनी अकरावं खोकं उघडलं. तेही रिकामं!

आपल्याकडे भिडेपोटी काय काय चालतं, हे वाचकहो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. विद्यार्थ्याने साधा तक्ता नेला तरी ओळखपत्र, सही, तारीख. प्राध्यापकांचं मात्र नुसतं "घेऊन जातो हं" पुरे! स्लाइड, फिल्मा कापडी पिशवीतून जायच्या आणि खोकं जागच्या जागी राहायचं, का तर फळी भरलेली दिसावी. बाईंनी ही रीत नऊ वर्षं इमानाने पाळली होती. सरांकडे सही मागणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटे.

उद्या सकाळी तपासणी समिती येणार होती आणि कोणता संच कुणाकडे, हे काही केल्या आठवेना. नोकरी गेली तर? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष. आणि भीतीपोटी नको ते सुचलं. भूगोलाचे जुने सर गेल्याच महिन्यात वारले होते. माणूस देवासारखा, पण सतत काही ना काही नेणारा. बाईंनी नोंदवही ओढली आणि एकेक संच त्यांच्या नावावर चढवायला घेतला.

तीन ओळी झाल्या असतील. पलीकडच्या टेबलावर फाटकी पुस्तकं शिवणारे बाइंडरकाका डिंक मागायला आले आणि वहीत डोकावले.

"बाई, हे सर गेले ना हो?"

"हळू बोला, काका! त्यांचं आता काय बिघडणार आहे?"

"त्यांचं नाही बिघडणार. पण घरी पत्र जाईल. त्यांची बायको या वयात माळ्यावरच्या पेट्या उपसत बसेल. सापडणार काहीच नाही. मग तिला वाटायला लागेल, यांनी खरंच लांबवलं की काय!"

बाईंना रडूच कोसळलं. "मग मी काय करू? साहेब मला घरी बसवतील!"

"बसवतीलही. ते मी कसं सांगू? पण सही मागण्यात कसला आलाय संशय? वेळच्या वेळी मागितली असती, तर आज मेलेल्या माणसावर बालंट आणायची पाळी आली असती का?"

बाईंनी त्या तिन्ही ओळींवर काट मारली, शेजारी 'खोटी नोंद' असं लिहून सही केली आणि वही घेऊन ग्रंथपालसाहेबांच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं, काट मारलेल्या ओळींसकट.

"नऊ वर्षं?" साहेबांनी वही टेबलावर आपटली. साहेब आणखी काही बोलणार, तोच त्यांची नजर स्वतःच्या कपाटाकडे गेली. उठून त्यांनी खालचा कप्पा उघडला. आत एक कापडी पिशवी, पिशवीत स्लाइडचे दोन संच!

"मीच नेले होते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वही द्या इकडे. सही करतो."

बाईंना खुलासा लिहून द्यावाच लागला, नोकरी मात्र वाचली. संध्याकाळपर्यंत आणखी सात संच परत आले. उरलेले दोन आजतागायत सापडलेले नाहीत. आता प्राध्यापक असो की साहेब, सहीशिवाय काही हलत नाही, आणि त्याने कुणाचाही मान कमी झालेला नाही. तेव्हा मंडळी, भीड बाजूला ठेवा आणि नोंद करा. नोंद नसली की दोष शेवटी त्याच्याच माथी मारला जातो, ज्याला उठून 'मी नाही' म्हणता येत नाही!