श्वास घेणारी विहीर

सकाळी दहाला महाराजांनी रेशमी रुमाल लोखंडी नळीच्या तोंडावर धरला आणि तो सुळकन आत ओढला गेला. दुपारी चारला त्याच तोंडावर जळती काडी धरली, तर हातभर निळी ज्योत उभी राहिली. दोनशे माणसं जागच्या जागी थिजली.

"सकाळी पाताळ श्वास घेतं, दुपारी सोडतं," महाराज म्हणाले. "या श्वासात बसेल त्याचा दमा जाईल."

ती होती कंपनीनं कधीच सोडून दिलेली गॅसची विहीर. झाकण गंजून पडलेलं, नळी उघडी. ज्योत विझवून महाराज रोग्यांना नळीभोवती बसवत, डोक्यांवर चादर टाकत आणि सभोवार दिवे लावत.

गर्दीच्या कडेला मापाडीणबाई उभ्या होत्या. विहिरींचे दाब मोजण्यात त्यांची हयात गेली होती. एकदा काट्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्यांचे तीन सोबती जळून मेले. त्यानंतर सात वर्षं खपून बाईंनी एक यंत्र बनवलं. विहिरीतला दाब ते अखंड कागदावर रेघेनं लिहून ठेवी आणि दाब भलताच चढला की घंटा वाजवी. आणि आता त्या चादरीखाली त्यांची नऊ वर्षांची भाची बसली होती.

घरी त्यांनी भावजयीला परोपरीनं समजावलं. तिनं मान खाली घालून एवढंच विचारलं, "वन्सं, तुमच्या यंत्रानं पोरीचा दमा बरा होणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी गर्दी जमण्याआधी त्यांनी नळीच्या बुडाशी, कुणाला दिसू नये असं यंत्र जोडलं. बाहेरच्या हवेचा दाब लिहिणारं दुसरं घरी ठेवलं. तीन दिवसांत कोडं उलगडलं. दहाच्या सुमारास हवा सर्वांत जड होई, ती नळीतून आत शिरे. चारच्या सुमारास हलकी होई, मग आतला गॅस वर येई. पाताळ कुणाचंच ऐकत नव्हतं.

चौथ्या दिवशी आभाळ काळवंडलं. हवेची रेघ सकाळपासून घसरतच होती. वादळ येत होतं, म्हणजे विहीर आज रोजच्या कितीतरी पट गॅस ओकणार होती. तेवढ्यात निरोप आला, की महाराजांनी आज 'महाश्वास' जाहीर केलाय आणि भावजय पोरीला घेऊन निघालीय.

बाई धावत सुटल्या. पोचल्या तेव्हा घंटा घणघणत होती आणि लोक तिला देवाची घंटा समजून हात जोडत होते. त्यांनी दिव्यांवर माती लोटली आणि चादर ओढून पोरीला बाहेर काढलं. लोक अंगावर धावून आले.

"महाराज, पाताळ तुमचं ऐकतं ना?" बाईंनी विचारलं. "मग आत्ता त्याला श्वास आत घ्यायला सांगा."

महाराजांनी मंत्र पुटपुटत रुमाल धरला. तो हातातून निसटून वर उडाला. पुन्हा धरला, पुन्हा उडाला. गर्दीतल्या एका सुताराला शंका आली. महाराज पोथीची म्हणत ती आसनाखालची पेटी त्यानं उघडली. आत पोथी नव्हती, हवेचा दाब दाखवणारी पितळी तबकडी होती. महाराजांचा महाश्वास तिथूनच आला होता.

"भांडण नंतर," बाई म्हणाल्या. "आधी वाऱ्याच्या उलट दिशेला चला. कुणी काडी ओढू नका."

लोक दूर पोचतात तोच नळी शिट्टीसारखी किंचाळू लागली. तासभर ती थांबली नाही. एक जरी दिवा जळत राहिला असता, तर कुणीच वाचलं नसतं. भावजयीनं पोरीला छातीशी धरलं. डॉक्टरांकडे कधी जायचं, एवढंच तिनं वन्संना विचारलं.

दोन दिवसांनी कंपनीनं विहिरीत सिमेंट ओतलं. ते बघायला जमलेल्या लोकांना बाईंनी कागदावरच्या दोन्ही रेघा दाखवल्या. "भीती मलाही वाटली," त्या म्हणाल्या. "पण चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे केव्हा घडतं, केव्हा घडत नाही, आणि का. आजारी लेकराला तरी हे विचारल्याशिवाय कुणाच्या हवाली करू नका."