हळदीचा करंडा

श्वेताला सासूचं करता करता चौथं वर्ष लागलं होतं. मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये कोणी "कशी आहेस गं?" विचारलं, तर "चाललंय" म्हणण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. रुक्मिणीबाईंची नजर काचबिंदूने गेली, वर डाव्या अंगावरून वारं गेलं. हात थोडा सुधारला. आता डाव्या हाताने व्यायामाचा मोठा रबरी चेंडू दाबायचा आणि उजव्या हाताने जपमाळ ओढायची. कोकणातली बाई, एका हाताला तरी रिकामं बसू देईल होय!

चैत्रातलं हळदीकुंकू आलं, म्हणून श्वेताने सासूच्या लग्नातली चांदीच्या एकसारख्या गोल करंड्यांची जोडी सोनाराकडून उजळून आणली. एक हळदीचा, एक कुंकवाचा. म्हातारीला बरं वाटावं, दुसरं काय! रुक्मिणीबाईंनी चेंडू आणि माळ खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. श्वेताने दोन्ही हातांत एकेक करंडा दिला.

डाव्या हातातला हळदीचा करंडा त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपला.

"ह्यो माझो न्हय. बारको आसा. सोनाराकडे तूच घेवन गेल्लंस मा?"

 करंडा बदलला नाही म्हणून श्वेताने शपथा घेतल्या, पण छे! लगेच दहिसरला रुक्मिणीबाईंच्या लेकीला, मीराला, फोन गेला. नवरा हर्षद म्हणाला, "जाऊ दे ना यार, म्हातारी आहे." जाऊ दे म्हणायला याचं काय जातंय? चोर तर बायको ठरली होती.

दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर रुक्मिणीबाईंनी करंडे पुन्हा मागितले. पुन्हा तेच, डावीकडचा लहान. श्वेताची मुलगी रुचिरा कॉलेजात मानसशास्त्र शिकायची. ती बघत होती. तिने करंड्यांची अदलाबदल केली.

"आता सांग आजी, लहान कुठला?"

"ह्यो," म्हणत त्यांनी डावा हात उचलला.

"अगं, हा कुंकवाचा! काल हाच मोठा होता ना? डाव्या हातात तो एवढा चेंडू, उजव्यात बारीक मणी. मोठं धरून धरून हाताला त्याची सवय होते, मग पुढची वस्तू लहान वाटते. डोळे फसतात तसे हातही फसतात, आजी. माझेही फसतील."

रुक्मिणीबाई बराच वेळ दोन्ही करंडे कुरवाळत बसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हातान फसवल्यान गो माका, श्वेता. मनात धरू नको."

श्वेताला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही. नुसती दमली होती ती, पार आतपर्यंत.

"हाताने करंडा लहान आहे एवढंच सांगितलं, आई. मी चोर आहे, हे हाताने नाही सांगितलं."

रुक्मिणीबाईंचा हात तिला शोधत पुढे आला. श्वेता समोरच उभी होती, पण तिने आपला हात काही पुढे केला नाही.