मानेवरचे वण

"आजारी कसली? आळशी आहे नुसती," जोकुडू म्हणाली. "घाटा ढवळता ढवळता घोरते. आज आईकडे परत धाडतेय तिला. झोप म्हणावं तिथे."

सरहद्दीकडे परतणारा ट्रक दुपारी सुटणार होता. जोकुडूची सून पोनी दवाखान्याच्या दाराशी, गाठोड्याला टेकून भर उन्हात झोपली होती.

निर्वासितांच्या छावणीतल्या या दवाखान्यात मातुरू बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर बसत होती. शाळा जेमतेम चौथी, पण माशी चावून जडणारा झोपेचा आजार तिची बोटं बरोबर हेरत. मानेमागे गाठी लागल्या की पुढची तपासणी, नाहीतर चल पुढे. सकाळी नव्याने आलेल्यांच्या रांगेत तिने पोनीचीही मान चाचपली होती. गाठ लागली नाही, म्हणून वहीत 'निरोगी' लिहून ती मोकळी झाली होती.

आता पोनीच्या डोक्याचा फडका घसरला होता. मानेवर दोन आडवे, पांढरे वण.

"हे कुणी कापलं?"

"तिच्या आईनं. आमच्यात लहानपणीच गाठी काढतात. गाठ गेली की दुखणं गेलं." कान टोचल्याचं सांगावं तसं जोकुडूने सांगितलं.

मातुरूने त्या वणांवरून बोट फिरवलं. कापून टाकलेल्या गाठी ती बोटांनी शोधत बसली होती! 'चुकले' हा शब्द तिने नवऱ्यालाही कधी ऐकवला नव्हता. तो आज या उपऱ्या बाईला ऐकवला आणि पोनीला दंडाला धरून आत नेलं. ट्रक कुणासाठी थांबत नाही, असं जोकुडूने बजावलं.

"मग जाऊ दे त्याला. तुझी सून माझ्या बाकावर बसलीय."

बोटाचं रक्त बारीक काचनळ्यांत घेऊन तिने यंत्रात गरगर फिरवलं. पहिल्या नळीत काही नाही. दुसरीतही नाही. बाहेर भोंगा वाजला. जोकुडूने गाठोडं उचललं. मातुरूने तिसरी नळी भिंगाखाली सरकवली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"इकडे ये, म्हातारे. एक डोळा मीट आणि बघ."

जोकुडूने बघितलं. लाल ठिपके धक्के खात बाजूला सरत होते, आणि गवतातून सापाचं पिल्लू जावं तसं काहीतरी त्यांच्यातून वळवळत होतं.

"हे हिच्या अंगात?"

"हेच झोपवतं तिला."

"औषध?"

"आहे. वेळेवर सापडलंय."

ट्रक निघून गेल्याचा आवाज आला. जोकुडूने गाठोडं खाली ठेवलं, पेंगणाऱ्या सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मग स्वतःच्या डोक्याचा फडका सोडला आणि मान पुढे झुकवली. सुरकुत्यांच्या आड तिच्याही मानेवर तसेच दोन वण होते.

मातुरूने नवी सुई काढली.